ढब्बूच्या मांडीचं माप

मंगळवार, १० डिसेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी बरा आहे. दुकान चालू आहे. हल्ली नवं शिवण्यापेक्षा जुनं उसवून ढिलं करायचीच कामं जास्त येतात.

ढब्बूचं सांगतो. तू त्याला माझ्याकडे ठेवून गेल्यावर कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, खुब्याचा सांधा जन्मापासूनच सैल आहे, तो काही घट्ट होणार नाही. वजन उतरवा, म्हणजे दुखणं आवाक्यात राहील. मी खाणं मोजून देऊ लागलो. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकायचे, म्हणून दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जाड कापड अंथरलं. उठताना पोटाखालून आधार द्यायला कोटाच्या कॅनव्हासचा पट्टा शिवला. पायऱ्यांवर तर उचलूनच घ्यायचो. आणि आठवड्याला टेप लावायचो. कंबर उतरत होती. मी खूश.

परवा ते आकडे बाईंना ऐटीत ऐकवले. त्यांनी त्याच्या मागच्या पायांवरून हात फिरवला.

"काका, कंबरेचं माप घेतलंत. मांडीचं कोण घेणार?"

मांड्या वाळल्या होत्या. सांधा सैल असला की पाय सावरायचं काम मांडीचं. आणि मी त्याला उचलून उचलून तिला रिकामी बसवली होती. आयुष्यभर मापं घेणाऱ्या माणसाला हे दिसू नये.

आता उड्या बंद, पण चालणं रोज. थोडं थोडं, मातीवरून, हळू. हळू चालला की चारही पाय नीट टेकतो. पळाला की सशासारखे मागचे दोन्ही एकदम उचलतो. समोरचा न्हावी विचारतो, कोण कोणाला फिरवतंय? दम मलाच लागलेला असतो. दुखण्याची गोळी खाण्याबरोबरच द्यायची. तू लाडाने बिस्किटं देशील. देऊ नकोस. त्या बाबतीत तू आईवर गेली आहेस.

त्याच्यासाठी तू तळमजल्यावरचं घर घेतलंस आणि विचारलंस, कधी नेऊ? दोन पत्रांत मी त्यावर काही लिहिलं नाही. प्रवास त्याला झेपेल, असं बाई म्हणतात. कारण काढायचं तर थंडी आहेच. पण तू येणं पुढे ढकललंस की मला बरं वाटतं. कुत्रा तुझा आहे.

येत्या रविवारी ये.

तुझा, आणि रविवारपर्यंत त्याचाही,
बाबा