बाबांच्या चेहऱ्याचं मडकं

मोचे, ४ जून १९७२

चि. एदेल्मिरास,
अ. उ. आ. आम्ही खुशाल, कोंबड्याही खुशाल.

भूकंपात घराबरोबर बाबांचा एकुलता एक फोटो गेला हे तुला ठाऊकच आहे. आता आई म्हणते, त्यांचा चेहराच डोळ्यांपुढे येईनासा झालाय. हे सांगताना ती चोरी केल्यासारखी मान खाली घालते. मला बघवत नाही.

पण गेल्या आठवड्यात मी मजुरीला जातो त्या खोदकामात दीड हजार वर्षांपूर्वीचं एक मडकं निघालं, माणसाच्या तोंडाचं. एदेल्मिरा, हुबेहूब बाबा. तेच जाड ओठ, तेच सरळ नाक. हात लावायची मनाई आहे, म्हणून रोज डोळे भरून बघून येतो आणि घरी लपून तो चेहरा मातीत घडवतो. साचा काढून तसंच मडकं आईला देणार आहे.

तुझा दादा,
फाउस्तिनो

लिमा, ११ जून १९७२

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून आनंद झाला आणि धास्तीही वाटली. तुला तर बाजारातला मासळीवालाही बाबांसारखा दिसतो. आपल्या गावात निम्म्या लोकांची तोंडं त्या मडक्यांवरचीच आहेत.

आईने ओळखलं नाही तर तिला वाटेल, आपलीच आठवण गेली. म्हणून 'हे बाबा' असं सांगू नकोस. नुसतं पुढ्यात ठेव आणि गप्प बस, जे तुला जन्मात जमलेलं नाही. लोभ आहेच, थोडा वाढवलास तरी चालेल.

तुझी एदेल्मिरा

मोचे, २४ जून १९७२

चि. एदेल्मिरास,
अ. उ. आ. सोमवारी शांबारचं सूप ओरपून झाल्यावर तो ओल्या मातीचा चेहरा आईपुढे ठेवला. गप्प बसलो, तुझी शपथ.

आईने निरखून पाहिलं आणि म्हणाली, हा तर विक्टोरियानो कोळी, यानेच मला आधी मागणी घातली होती. मग अशी हसली की शेजारीण धावत आली. माझं मात्र तोंड उतरलं.

तेव्हा तिने बाह्या सारल्या आणि मातीत अंगठे रोवले. म्हणाली, तुझ्या बाबांचं नाक डावीकडे कललेलं होतं, खेचराने लाथ मारली होती ना. उजवी भुवई वर, थापा मारताना आणखी वर. मी मदतीला हात घातला तर फटका मिळाला. तासाभरात बाबा टेबलावर बसले होते. मला रडू आवरेना आणि आई त्यांना रागावून विचारत होती, इतके दिवस कुठे होतात.

साचा काढायला ती अजून देत नाही. माती सुकू नये म्हणून गुंडाळलेलं ओलं फडकं रोज सोडून गालांवरून अंगठा फिरवते. म्हणते, नीट दाढी करा म्हणून जन्मभर सांगितलं, आता कुठे निमूट करून घेतायत.

कळावे. सुट्टीत मुलांना घेऊन ये, इथे आम्ही तिघं वाट बघतोय.

तुझा दादा,
फाउस्तिनो