बोललं का हलणारी रेघ

४ जानेवारी, रविवार
मी सांगून राहिली, सुजी लिहून राहिली. मले अक्षर येत नाही. अंगठा येते, तो बाकी सुरेख उमटते.

सुजी माझी नात. कंप्युटरचे प्रोग्राम बनवते, आतापर्यंत घरी बसूनच. आता पंचवीस तारखेले पुण्याच्या हापिसात चालली. मंग आजीची रोजनिशी कोण लिहील, म्हणून मलेच एक प्रोग्राम बनवून राहिली. आपण बोलायचं, तो लिहून घेते. दुसरं बटण दाबलं का आपलंच बोलणं आपल्याच आवाजात ऐकवते. मी म्हटलं, थापा मारू नको वं.

एक गोष्ट तिले आजपर्यंत सांगतली नव्हती, आता सांगून राहिली तं पाह्य, पेन थांबला तिचा. मले माझ्या आईबद्दल बोलायचं आहे. माणूस समोर असलं का मी गमती करते, हसवते, अन् आई त्यात वाहून जाते. म्हणून हे एकटीनं बोलायचं आहे, घरात कोणी नसताना. सुजी जायच्या आत मले ते यंत्र जमलं पाहिजे. बाकी काही मागणं नाही.

लिही वं, थांबू नको.

६ जाने., मंगळवार
पहिली परीक्षा. मी नापास.

बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही. मी आपली वांग्याच्या भाजीबद्दल बोलून राहिली तासभर, मधात मधात दाबून राहिली. यंत्रानं काय लिहिलं? "वांगी" अन् "मीठ". बस.

सुजीनं समजावलं. एकदा दाबलं का सुरू होते, पुन्हा दाबलं का बंद. पण सुरू झालं हे कळाले त्याच्या तोंडावर काही फरकच पडत नव्हता. म्हणजे मी दार वाजवलं, आतल्या बाईनं गुपचूप कडी काढली, मले कळलं नाही, मी पुन्हा वाजवलं, तिनं गुपचूप कडी लावली. तासभर हेच. मी म्हटलं, अशी शेजारीण होती आपली, जरीपटक्याले राहत होतो तेव्हा.

सुजी हसली नाही. म्हणे, "आजी, तुझं नाही चुकलं. बटणानं ओ द्यायले पाहिजे."
शिकलेल्या माणसाच्या तोंडून मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

७ जाने.
आज ओ दिली.

दाबलं का बटण लाल होते. अन् खाली एक रेघ आहे. मी गप्प असली का झोपलेली. मी बोलली का उठते, उड्या मारते. हळू बोललं तं हळू, जोरात बोललं तं पार वरपर्यंत. खोकली, तं खोकला दिसला. बांगडी वाजली, तं बांगडी दिसली.

आवाज दिसते बाप्पा. एवढं वय झालं, माझ्या तोंडातून निघालेलं कुठं जाते हे मी कधी पाह्यलं नव्हतं. विजूले, माझ्या पोराले, दाखवलं. तो इतवारीतून धान्याच्या दुकानावरून थकून आलेला. म्हणे, हो आई, छान आहे. त्याच्या "छान"ची रेघ किती बारकी उठली तेही दाखवलं त्याले.

९ जाने.
भोवळ आली यंत्राले.

मी लंबं बोलली, मंग थांबवलं, तं पडदा पांढराफटक. काही दाबा, हलत नाही. मले वाटलं मी मारलं. हात मागं घेऊन बसली, पंखाही लावला त्याच्या अंगावर. सुजी आली तं कपाळाले हात लावून हसली. म्हणे मेलं नाही, माझंच बोलणं लिहून काढून राहिलं होतं. चूक अशी का लिहायचं काम अन् पडद्यावरची खिडकी सांभाळायचं काम तिनं एकाच जिवावर टाकलं. एकटी बाई पोळ्या लाटून राहिली तं दारावरच्या माणसाले पाणी कोण देईल? आता लिहायले वेगळी बाई ठेवली. दारावरची मोकळी.

मी विचारलं, तिले पगार किती?

१० जाने.
आज पुन्हा काही हलेना. शोधता शोधता सापडलं: यंत्रानं काहीतरी प्रश्न विचारला होता अन् प्रश्नाची खिडकी मोठ्या खिडकीच्या मागं जाऊन उभी राहिली. उत्तर भेटल्याशिवाय पुढं जात नाही, अन् प्रश्न दिसत नाही. लग्नात रुसलेला जावई असाच मांडवाच्या मागं जाऊन बसते, लोक इकडे पंगत थांबवून.

सुजीनं त्याले ओढून पुढं आणलं. म्हणे, यापुढं समोरच उभा राहील. पण विचारते काय ते मले वाचता येत नाही ना. तं म्हणे, "काही विचारलं का डावीकडचं दाबत जा, ते 'हो'चं आहे."
बरं.

१२ जाने., सोमवार
हे मी एकटी.

कोणी नाही घरात. विजू दुकानावर, सून शाळेत, सुजी बाजारात. आमच्या हुडकेश्वरले दुपारी कुत्रंही भुंकत नाही. मी बोलून राहिली अन् रेघ नाचून राहिली.

डावं बटण बोलायचं, मधलं ऐकायचं. मी पाहत नाही, हात जाते. बिड्या बांधायची तेव्हाही कुठं पाहत होती. सूप मांडीवर, डाव्या हाताले भिजलेली पानं, मधात तंबाखू, धागा उजव्या गुडघ्यापाशी. डोळे बाहेर रस्त्यावर, तोंड चालू, बिडी तयार. जागा फिरली नाही पाहिजे, बस.

मधलं दाबून ऐकलं. हा माझा आवाज? इतका जाडाभरडा? एवढे लोक भेटले आयुष्यात, एकानंही सांगतलं नाही.

एक खोट आहे. मी विचार करत थांबली का हा समजते संपलं, अन् बंद होते. सुजीले सांगायचं.

१३ जाने.
सांगतलं. दुरुस्त झालं. आता मी कितीही गप्प बसली तरी थांबते. मी दुपारी चहा करून, पिऊन, कप धुऊन आली. रेघ तशीच, झोपलेली पण जागी. घरातलं एक माणूस नाही जे माझ्यासाठी एवढं थांबेल.

उद्या आई.

१५ जाने.

१६ जाने., शुक्रवार
सुजीच्या हातानं. वर पंधरा तारीख तेवढी राहिली आहे, ती तशीच ठेवाले सांगतली.

परवा धीर झाला नाही. काल झाला. बोलली. सगळं आलं, न बोलावता आलं. कुठं गंमत केली नाही. बंद केलं, डोळे पुसले, अन् ऐकावं म्हणून न पाहता मधलं दाबलं.

पण परवा रात्री सुजीनं खिडकी सुंदर केली होती. सगळी बटणं खाली एका रांगेत, सारख्या मापाची, सारख्या रंगाची. माझ्यासाठीच केली होती बिचारीनं, जायच्या आत चांगली दिसावी म्हणून. पुसायचं बटण आधी दूर कोपऱ्यात होतं. रांगेत ते मधात आलं.

यंत्रानं काहीतरी विचारलं. मी डावीकडचं दाबलं. शिकवलं होतं तसं.

गेलं.

सुजी रडली. मी नाही. मी तिले म्हटलं, काहून रडते वं, तुह्या मांडणीत खोट नव्हती, फक्त मले सांगतलं नाही का तंबाखूच्या जागी कात्री ठेवली आहे. तं आणखीच रडली.

(आजीनं सांगितलं तसंच लिहिलं. – सु.)

१८ जाने.
काल दिवसभर ती उठली नाही जागेवरून. परत आणता येते का पाहिलं. नाही येत. पंधराचं गेलं ते गेलं, हे तिनं मले तोंडावर सांगतलं. गोड करून सांगतलं नाही, ते आवडलं.

मंग दुसरं केलं. बटणं जुन्या जागी गेली. खिडकी लहान करा, मोठी करा, जागा हलत नाही. प्रश्न विचारणं बंद केलं. म्हणे, ज्यायले वाचता येते तेही न वाचता हो म्हणतात, तं विचारून उपयोग काय? त्यापेक्षा पुसलेलं एका टोपलीत पडते अन् टोपलीवर बोट ठेवलं का उठून येते.

मी करून पाह्यलं. "वांगी" म्हटलं. पुसलं. गेली. टोपली दाबली. आली. पुन्हा पुसलं, पुन्हा आली. जेवण थंड झालं, मी आपली वांगी घालवून राहिली अन् आणून राहिली. अशी विद्या! जगात गेलेलं परत येत नाही असं मी धरून चालली होती, अन् माझ्या घरची पोट्टी मागच्या खोलीत बसून हे करते, वरून चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरते.

२१ जाने.
बटण दाबलं नाही. सुजीलेच लिहाले लावलं. तिनं विचारलं, "आजी, काय होतं गं त्या दिवशीच्यात?"
मी म्हटलं, वांग्याची भाजी.
समोर माणूस असलं का असं होते.

ती म्हणे, पुन्हा बोल ना, आता नाही जाणार. मले यंत्राची भीती नाही, हे तिले कळत नाही. यंत्र आता शहाणं झालं. आई त्या दिवशी आपणहून आली होती. बोलावली तं ती यायची नाही. जिवंतपणीही हाक मारली का म्हणायची, हातातलं संपू दे.

२४ जाने.
सामान बांधून झालं. सुजीनं चार वेळा दाखवलं काय कुठं आहे. मी म्हटलं, मले पाठ आहे, तुलेच तुझ्या बटणांची सवय नाही. तिच्या सामानात तिळाच्या वड्या ठेवल्या. कुठं ठेवल्या ते सांगतलं नाही. शोधू दे, तिले समजेल जागा बदलली का कसं होते.

२५ जाने., रविवार
मी एकटी. गाडी गेली. विजू अन् सून तिले सोडाले गेले, अजून आले नाहीत.

निघताना वाकली पाया पडाले, तं कानात म्हणे, "काही पुसलं तरी घाबरू नको. अन् गप्प बसली तरी चालते." हे दुसरं तिनं यंत्राबद्दल म्हटलं का माझ्याबद्दल, विचारायचं राहिलं.

सूप काढलं माळ्यावरून. उगाच. रिकामंच मांडीवर घेतलं. पानं नाही, तंबाखू नाही, बोटं तरी चालून राहिली आपली आपली.

आई अशी मागं बसायची. मी लहान, मले पान गुंडाळता येत नव्हतं, तं मागून दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवायची, अन्

थांब जराशी.

भाजीवाला ओरडला गल्लीत, त्याचीही रेघ उठली. बसली.

मी काही बोलत नाही आता. रेघ सपाट पडली आहे. पण आहे.