पहिले आठ दिवस काट्यावर

३ नोव्हेंबर, सोम.
आज निखिलसाहेब रुजू. पुण्याहून आले, यापुढे माणसांची भरती, त्यांचं शिक्षण तेच पाहणार. बरं झालं. सुजाता एकटी किती ओढणार! भाची माझी, पण ऑफिसात मॅडम. राईस मिलच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी तिची. भंडाऱ्यात दोन खोल्यांत सहा जण होतो, आता चाळीस. मी जन्मभर काट्यावर उभा राहिलेला, कॉम्प्युटर बोटं आपटून आपटून शिकलो, म्हणून तिने सोबत घेतलं.
संध्याकाळी साहेबांची यादी आली. नव्या माणसाने पहिले आठ दिवस मिलच्या काट्यावर काढायचे, ही आमची पद्धत बंद. बदल्यात वीस मिनिटांचा व्हिडिओ.
बोललो नाही. पहिलाच दिवस त्यांचा.

६ नोव्हें.
बोललो. साहेब हसले. माणूस गोड आहे. "मामाजी, पुढे दीडशे लोक होतील. दीडशे जणांना काट्यावर कसं उभं करणार?"
उत्तर सुचलं घरी पोचल्यावर, नेहमीसारखं. दीडशे काय एकाच दिवशी येणार आहेत!

११ नोव्हें., मंगळ.
काट्याच्या सॉफ्टवेअरचा नवा स्क्रीन आज मिलमध्ये सुरू. सकाळीच तुमसरच्या मिलमधून काटेवाल्या बंडूचा फोन. "मामाजी, तुमच्या पोरायनं कधी काटा पाह्यला का नाही? ट्रॅक्टरची लाईन सडकेवर जाऊन राह्यली!"
मिळाली ती बस धरून तुमसर गाठलं. स्क्रीन म्हणतो, आधीची गाडी पूर्ण करा, मगच दुसरी घ्या. अरे, भरला ट्रॅक्टर तोलला की तो आत जातो, धान उतरवतो, तास-दोन तासांनी रिकामा परत काट्यावर येतो. दोन वजनांतला फरक म्हणजे धान. मधल्या वेळात दहा ट्रॅक्टर तोलायचे असतात. बंडू खडूने भिंतीवर वजनं लिहीत होता. मान वर करवेना मला.
स्क्रीन तेजलने केलेला. एकोडीची पोरगी, घरी धानाचीच शेती. पण धान घरातून निघालं की पुढे काय होतं, हे तिने कुठे पाहिलं? दिवाळीच्या घाईत ती रुजू झाली, तेव्हा मीच म्हटलं होतं, राहू दे, नंतर जाजो काट्यावर. मीच.

१२ नोव्हें.
जुना स्क्रीन परत लावला. मीटिंग. तेजल रडवेली. उभा राहिलो, सांगितलं, सूट मी दिली होती.
सुजाता बघतच राहिली. "मामाजी, तुमी?"
"हो, मीच."
निखिलसाहेब शांतपणे म्हणाले, "बघा, तुमची पद्धत तुमच्याकडूनही पाळली गेली नाही. माणसाच्या आठवणीवर कंपनी वाढत नाही."
लागलं. खरं होतं म्हणून जास्त.

१४, शुक्र.
तेजल टेबलापाशी आली. "मामाजी, उद्या मी तुमसरला जाऊ? बंडूदादा ओरडतील का?"
"ओरडंल. ऐकून घेजो. मंग चहाबी पाजंल."
हसली. चला.

१६, रवि.
सुजाता जेवायला आली. भात वाढून घेताना म्हणाली, "निखिलचंबी काही खोटं नाही, मामाजी."
"मालूम आहे मले. म्हणूनच कागदावर लिही. पहिले आठ दिवस काट्यावर, सूट द्याचा हक कोणालेच नाही. मलेबी नाही."
"आन् दीडशे झाल्यावर?"
"तवा गावोगावच्या मिलमध्ये एकेक बंडू शोधू. मी शोधतो. पाय आहेत अजून."
  उद्या मीटिंगमध्ये पाहू, म्हणाली.
उद्याच पाच नवे येताहेत. दहा वाजता ऑफिसात व्हिडिओ आहे त्यांना. आठ दिवसांचं सुजाता ठरवेल. एक सकाळ तरी मी मागून घेणार. पाचही जणांना फोन केला: सकाळी सातला बसस्टँडवर या, तोंडाला बांधायला रुमाल आणा, धूळ फार असते. मग सुजाताला कळवलं. "मामाजी, तुमी बी ना!" एवढंच बोलली.
शेवटी निखिलसाहेबांना फोन. व्हिडिओच्या आधी पोरांना तुमसरचा काटा दाखवून आणतो, तुम्हीही चला म्हटलं.
"मी? सात वाजता?"
"चहा बंडूकडे आहे."
साहेब हसले. मग म्हणाले, बघतो.