मागच्या डाव्या दाराची शिटी

बाबा,

गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आहे. मी बसने जातो. तुम्ही म्हणाला होतात, "गाडी पळाली की दारातून कोणीतरी कुजबुजतंय, एकदाचं बंद कर." काल ते सापडलं. चारही दारांच्या फटींवर चिकटपट्टी लावून गाडी मोकळ्या रस्त्यावर नेली आणि एकेक पट्टी सोलत गेलो. मागच्या डाव्या दाराची वरची पट्टी निघाली, वेग साठावर गेला आणि शिटी परतली. तिथे कागद धरून दार लावलं. ओढला, तर अलगद हाती आला. इतरत्र तो फाटतो.

दार उघडून पाहिलं. कडेचं रबर बरोबर चार बोटं रुंदीत दबलेलं आहे. ताई ऊन लागू नये म्हणून टॉवेल तिथेच दारात अडकवायची, आठवतं? "ड्रायव्हर, राणीसाहेबांचा पडदा लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही!" तिच्या दवाखान्याच्या फेऱ्यांच्या त्या आठ महिन्यांत तो टॉवेल कोणी काढलाच नाही. ती गेली, रबराने मात्र तिच्या टॉवेलची घडी अजून सोडलेली नाही, आणि वारा त्या घडीतूनच आत येतो.

आईला हे आधीच कळलं असावं. रविवारी शिटी सुरू होताच तिने तिथे हात नेला. फट झाकायला नव्हे, नुसती बोटं वाऱ्यात धरून बसली.

नवं रबर टेबलावर आहे. बसवायला दहा मिनिटं पुरतात. मी दोनदा दाराशी गेलो आणि तसाच परत आलो. रागावू नका. बसवायचं की नाही, ते तुम्हीच आईला विचारा. मला विचारवलं नाही.