सिंकखालचा हिरवा रंग

पायसांदू,
सोमवार, २० ऑगस्ट २०१८

प्रिय मिल्तोन,

तू आणि ग्लादिस खुशाल असाल अशी आशा करतो. आम्ही दोघं बरे आहोत. नदीवरचा गारठा यंदा हाडांत शिरतोय, एलिदाचे गुडघे कुरकुरतात. माझा घसा मात्र अजून शाबूत आहे, हे तुला कुणी ना कुणी सांगितलंच असेल.

पत्र पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. तुझं घर इथून बारा गल्ल्यांवर, आणि मी पाकिटाला तिकीट लावतोय, याचं एलिदाला हसू येतं. पण समोर आलो तर बोलायला लागेन, आणि मी बोलायला लागलो की त्याचं भाषण होतं. कागदावर निदान खोडता येतं. हा चौथा कागद आहे.

बातमी अशी, की मी नळ दुरुस्त केला.

स्वयंपाकघरातला, एका दांड्याचा. हसून झालं की पुढे वाच. चाळीस वर्षं मी कष्टकऱ्यांच्या हातांबद्दल बोलत आलो आणि माझ्या स्वतःच्या हातांनी घरात एक खिळाही ठोकला नाही. नळ तीन आठवडे गळत होता. दांडा कितीही दाबला तरी थेंब पडतच राहायचा. मी दर दोन दिवसांनी म्हणायचो, "अगं, त्या माणसाला बोलाव ना. आठ वर्षांपूर्वी बसवून गेला तो."

"तो आता काम करत नाही."

"मग दुसऱ्याला बोलाव."

"दुसरा कशाला? तू कर. सगळं जग बदलायला निघाला होतास, तुला एक नळ जमू नये?"

हा टोमणा मी भर सभेत पचवला असता, स्वयंपाकघरात पचला नाही. "करतो!" म्हणालो. तिनं लगेच एप्रनच्या खिशातून एक छोटा षटकोनी पाना काढून टेबलावर ठेवला. तो तिच्याकडे कुठून आला, हे विचारायचं मला सुचलं नाही. माणूस तावात असला की त्याला पुष्कळ गोष्टी सुचत नाहीत.

गुरुवारी सकाळी बाह्या सारून सिंकखाली डोकं घातलं. खाली पाणी बंद करायचे दोन कॉक आहेत हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. कॉकची नळी भिंतीत शिरते तिथे टॉर्च मारला. हल्ली सगळे गुंडाळतात ती पांढरी टेप तिथे नव्हती. तागाचे धागे होते, विंचरून, एकाला एक लागून गुंडाळलेले, आणि वर गडद हिरव्या रंगाचा हात.

तो रंग मी कुठेही ओळखेन. बाबांनी रेल्वेच्या कारखान्यातून आणलेला डबा. आपल्या लहानपणी घरातला प्रत्येक सांधा त्याच हिरव्या रंगाचा होता. बाबा गेल्यावर तो डबा कोण घेऊन गेलं, हेही मला ठाऊक आहे.

मी मान वाकडी करून तसाच पडून राहिलो.

"अडकलास का?" एलिदानं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्या गोंधळात कॉक एकच बंद केला, दुसरा राहिला. दांड्याखालचा स्क्रू सोडवून वरची टोपी फिरवली, आत हात घातला, आणि पाणी आधी माझ्या तोंडावर आणि मग छतावर गेलं. एलिदानं धावत येऊन दुसरा कॉक बंद केला. तिला हसू आवरत नव्हतं. तिचं हसणं मला जरा जास्तच वाटलं.

आतली कार्ट्रिज, म्हणजे पाणी उघडबंद करणारा भाग, रुमालात गुंडाळून इर्माबाईच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. जुना भाग नेऊन दाखवल्याशिवाय ती नवा देत नाही, हे तू जाणतोसच. समोर चार माणसं, आणि माझ्यामागे काखेत थर्मास धरून म्हातारा फागुंदेस गवंडी.

"हे कुणी काढलं?" इर्मानं विचारलं.

"मी."

पुढच्या चौघांनी वळून पाहिलं. मग फागुंदेस म्हणाला, "का रे दार्दो, आज नळवाल्यांचा संप आहे की काय?"

लोक हसले, मीही हसलो. सगळ्यांनी आपापला सल्ला दिला. एकीनं रबर बदल म्हणून सांगितलं, एकानं नळच बदल म्हणून. इर्मा चष्मा कपाळावर चढवून कार्ट्रिज उलटसुलट करून बघत होती.

"ही चिनी मातीच्या चकत्यांची. त्या वर्षी अशी मी एकच विकली होती. अर्धा तास हुज्जत घालून घेऊन गेला. मी म्हटलं, अरे बाबा, साधी घे, आत कोण बघायला जातंय? तर म्हणतो कसा, 'ज्याच्या घरी बसवायची तो जन्मात आत बघणार नाही. म्हणूनच चांगली हवी.'"

तिनं नाव घेतलं नाही. फागुंदेसनं थर्मासचं झाकण उघडलं आणि काही न ओतता पुन्हा लावलं. या गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, फक्त ज्याचं त्याला सोडून.

घरी आलो. एलिदा भोपळा चिरत होती.

"तो माणूस कोण?"

"कुठला माणूस?"

"एलिदा!"

तिनं सुरी खाली ठेवली. "तुझी मोन्तेविदेओला सभा असली की यायचा. दारातूनच विचारायचा, 'वहिनी, गेला ना भाषणाला?' मग आत. हा नळ, गीझर, न्हाणीघरातली ती फुटकी नळी, सगळं त्यानंच केलं. ज्या वर्षी तू सगळ्यांत जास्त बोललास ना, त्या वर्षी आपलं घर सगळ्यांत नीट होतं."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"शपथ घातली होती त्यानं. म्हणाला, कळलं तर त्याच्यावरही भाषण ठोकेल."

"मग या वेळी का नाही आला?"

तिनं उजवा हात पुढे धरला आणि त्याचा कसा थरथरतो ते हलवून दाखवलं. बराच वेळ हलवत राहिली. मग म्हणाली, "मी फोन केला होता. म्हणाला, पाना पाठवतो, त्यालाच करू दे. एकदा तरी त्याच्या तोंडावर पाणी उडू दे."

उडालं, मिल्तोन. छतापर्यंत उडालं.

शुक्रवारी नवी कार्ट्रिज बसवली. गळणं थांबलं. मी विजयी मुद्रेनं खुर्चीत बसलो, तोवर एलिदानं लेट्यूस धुवायला दांडा थंड पाण्याकडे वळवला आणि कढत पाणी आलं. उलटी बसवली होती. "आता याच्यावरही सभा घे," ती म्हणाली. मी पुन्हा उघडलं, अर्धा फेर फिरवून बसवलं. सगळी मिळून दहा मिनिटं लागली. फक्त दहा मिनिटं.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो.

२००७ च्या ऑक्टोबरात बांधकामावर परांची कोसळून आपला एक माणूस मेला आणि आपण संपावर गेलो. एकोणिसाव्या दिवशी म्हाताऱ्या बायकांच्या आश्रमातली मुख्य नळी फुटली. तू अवजारांची पिशवी घेऊन, आपल्याच पहाऱ्यावरच्या माणसांसमोरून आत गेलास. संध्याकाळी मी ट्रकवर चढलो आणि म्हणालो, "माझ्या आईला दोन मुलगे झाले. एक कामगार, आणि दुसरा संपफोड्या." तू समोर उभा होतास, टोपी हातात धरून. महिनाभरात तुझं नाव संघटनेच्या यादीतून काढलं. माझा हात वर होता.

मी आयुष्यात पुष्कळ वाचलं आणि त्याहून जास्त बोललो, पण एवढ्या टाळ्या दुसऱ्या कुठल्याच वाक्याला पडल्या नाहीत. लोक अजून ते म्हणून दाखवतात. मी कधीही कुणाला थांबवलं नाही.

संप बरोबर होता. हे मी मरेपर्यंत म्हणेन. माणूस मरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच परांचीवर दुसरा चढवला जातो, तेव्हा काम बंद करणं हा धर्मच आहे. आणि चाळीस म्हाताऱ्या घोट्यापर्यंतच्या पाण्यात थंडीनं कुडकुडत असताना तू आत गेलास, तेही बरोबर होतं. ही दोन्ही वाक्यं एका श्वासात म्हणायला मला अकरा वर्षं लागली. पण खरं सांगायचं तर, कळायला नाही लागली. कळलं होतं त्याच संध्याकाळी, ट्रकवरून उतरताना. टाळ्या चालू होत्या, आणि मी त्या थांबू दिल्या नाहीत.

घरच्या घरी माफी मागून हे फिटणार नाही. जे चारचौघांत बोललं ते चारचौघांतच मागे घ्यायला हवं. म्हणून परवा शनिवारच्या सभेत मी बोलायची वेळ मागितली. चिटणीस बाईंनी विचारलं, "किती मिनिटं?" मी म्हटलं, "एक." त्या म्हणाल्या, "बरं नाही का?"

उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या भावाबद्दल मी या संघटनेसमोर जे बोललो ते खोटं होतं, आणि बोलताना मला ते माहीत होतं. त्याचं नाव यादीत परत घ्यावं." आणि बसलो. टाळी वाजली नाही.

मग मागून फागुंदेस ओरडला, "एवढंच?"

"एवढंच."

"मग अकरा वर्षं तयारी कसली करत होतास?"

सगळे हसले. मतदान झालं. दोन हात वर आले नाहीत. दोघंही त्या वेळी विशीतली पोरं होती, ट्रकसमोर पहिल्या रांगेत. त्यांना तसं शिकवणारा मीच. त्या एकेकाकडे मी स्वतः जाणार आहे. ते काम अजून बाकी आहे.

संघटनेचं कार्ड सोबत ठेवलं आहे, तुझा जुनाच क्रमांक. ठेव किंवा फाड, तो तुझा हक्क. मला माफ कर असं मी लिहीत नाही, कारण ते मागणं म्हणजे तुझ्याकडून आणखी एक काम करून घेणं होईल. मी फक्त उपकार मानतो. आठ वर्षं आम्ही जेव्हा जेव्हा त्या नळाच्या पाण्यानं भांडी धुतली, भात शिजवला, नातीला अंघोळ घातली, त्या प्रत्येक वेळी तू घरात होतास आणि मला माहीत नव्हतं.

हाताचं दाखवायला तुला मोन्तेविदेओला जावं लागेल, असं ग्लादिस एलिदाला म्हणाली. मी बरोबर येतो. बसचे पाच तास तुझ्या शेजारी बसेन. गप्प बसेन असं वचन देत नाही, कारण आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. पण तू "पुरे" म्हणालास की थांबेन. आजवर कुणाच्याच म्हणण्यावर थांबलो नाही, तुझ्या म्हणण्यावर थांबेन.

ज्याचं घर तू त्याला नकळत सांभाळलंस, तो तुझा थोरला भाऊ,
दार्दो