वीणेच्या पहाऱ्याबद्दल

मस्कत, १२ जानेवारी २००४

सौ. सरूबाईस हौशीरामचा आशीर्वाद. पांडुरंगाने मला इथे नीट ठेवले आहे, तुम्हा सर्वांनाही ठेवो.

मशीनमध्ये सापडलेले उजव्या हाताचे पहिले बोट आता भरले आहे. जेवताना अडचण येत नाही. पुढचे पेर मात्र गेले, ते आईला सांगू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत?

डॉक्टर म्हणाले, हात चालता ठेवा. म्हणून खोलीतल्या सावियोची गिटार घेतो आणि त्याची शिकवणीची सीडी टीव्हीवर लावतो. त्यात एक म्हातारा अमेरिकन त्यांच्या गावाकडची गाणी शिकवतो. तो प्लॅस्टिकच्या लहान पट्टीने तारा छेडतो. ती पट्टी मला अंगठा आणि मधल्या बोटात धरता येते.

तो बसून वाजवतो, मी उभाच असतो. सप्ताहात पहाऱ्याला उभे राहून वीणा वाजवली, कधी जमिनीला टेकवली नाही, तीच सवय. खोलीतलेच ओतूरचे दगडूभाऊ हसतात, "पावणं, बसा की राव! ती काय ईणा न्हाई. कुनी पहारा लावलाय तुमाला?"

चैत्रात सप्ताहाला मी येतो आहे. वीणेचा पहाटेचा पहारा वडिलांपासून आपल्याकडे आहे. वीणा पट्टीने छेडलेली चालेल का, हे देवळात बुवांना विचार. नाही म्हणाले तर त्याच बोटाने छेडीन. तार लागली की कळ येते, पण तेवढा वेळ सोसेल.

माझा पहारा दुसऱ्या कोणाला देऊ नका, एवढे त्यांना सांग.

आपल्या लेकीला, वृषालीला, आणि आईला जप.

तुझा,
हौशीराम