आखाडातल्या बारा विद्यार्थिनी

पांढुर्णा,
ता. २० जुलै १९५७

राजमान्य राजश्री यशवंतराव व्याही यांच्या चरणी भगवंतरावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द नुसता रिवाज म्हणून लिहिलेला नाही. आमच्या शाळेच्या ऑफिसात टेबल आणि कपाट यांच्यामध्ये माणूस आडवा होईल एवढी जागा असती, तर आधी तो घालून मगच लिहायला बसलो असतो.) आपली तब्येत कशी आहे, विहीणबाई केसरबाईंचे गुडघे या ओल्या हवेत काय म्हणतात, रामाकोन्याच्या संत्र्याच्या बागेत पाणी तर साचले नाही ना, जावईबापू सुरेशराव सुट्टी संपवून नागपूरला कॉलेजात पोहोचले की नाही, हे सगळे मंगळवारी समोरासमोरच विचारायचे होते. पण आपण पाण्याचा पेलाही तोंडाला न लावता जीपमध्ये जाऊन बसलात. घरी त्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी कढई चढलेली होती. ते तळण मग तीन दिवस आम्हीच खाल्ले, आणि घशाखाली उतरवताना कसे वाटले ते लिहीत नाही.

रागवायचे तर माझ्यावर रागवा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र आहे. आपल्या सुनेचा, म्हणजे माझ्या अनुराधेचा, यात काडीचाही दोष नाही. श्रावण लागायला आठ दिवस उरले. ती सासरी परत येईल तेव्हा उंबरठ्यावरच तिला कोणी ‘या, मास्तरणीबाई’ म्हणून टोमणा मारला, तर तो तिने माझ्या वाट्याचा खाल्लेला असेल. म्हणून झाले ते सारे लिहितो. वाचून झाल्यावर पत्र बंबात घातले तरी चालेल.

आपल्याला ठाऊकच आहे की आमच्या शाळेला नववीची मान्यता पाहिजे. पांढुर्ण्यात आठवी झाली की मुलाला सौसरला नाही तर छिंदवाड्याला ठेवा, आणि मुलगी असली तर स्वयंपाकघरात ठेवा, अशी आजवरची सोय होती. मान्यतेचा अर्ज मी दोन वर्षांपूर्वी केला. त्यात ‘नववीत किती मुले बसतील’ या प्रश्नापुढे मी चाळीस लिहिले. (तेव्हा राजधानी नागपूर होती. नागपूरचा माणूस आपला, चाळीस लिहिले तर पंचवीस समजून घेईल असा माझा हिशेब.) पुढे नागपूर मुंबईत गेले, आपण भोपाळात राहिलो, आणि माझा अर्ज मधल्या मधे कुठे कुठे फिरून शेवटी जबलपूरच्या एका इन्स्पेक्टर साहेबांच्या हाती पडला. त्यांनी चाळीस म्हणजे चाळीसच समजले. सोळा जुलैला मुले पाहायला येतो, असे पत्र आले. मान्यतेच्या भरवशावर यंदा जूनमध्ये सुरू केलेल्या नववीत मुले होती अठ्ठावीस.

जूनमध्ये मी काय कमी फिरलो? शिपाई रामाजीला बरोबर घेऊन गल्लीगल्लीत गेलो. मुलगी शिकली म्हणजे दोन घरे शिकली, असे ओट्याओट्यावर सांगून घसा बसवून घेतला. भैय्याजी किराणावाल्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि तराजूत गूळ टाकता टाकता विचारले, “गुरुजी, तुमची पोरगी कोन्त्या वर्गात शिकून राह्यली?” मी म्हटले, तिचे वेगळे आहे, तिचे आत्ता वैशाखातच लग्न झाले. भैय्याजी म्हणाला, “मंग आमचीचं बी वेगळं हाय.” मी छत्री उघडली आणि पाऊस नसताना तिच्या आडून घरी आलो.

आता मुख्य पापाकडे येतो. नवी नवरी पहिल्या आखाडात सासरी राहत नाही, हा रिवाज मी आपल्याला काय सांगावा! अनुराधा आली तशा गावातल्या तिच्या बरोबरीच्या, यंदाच लग्न झालेल्या सगळ्याच आल्या. दुपारी आमच्या माजघरात त्यांचा अड्डा. छाया, प्रतिभा, जयश्री आणि आणखी कोण कोण. पापड्या खायच्या, सासूबाईंच्या नकला करायच्या आणि बांगड्या फुटेपर्यंत हसायचे. एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो आणि मास्तरकीच्या सवयीने डोकी मोजली. बारा भरली. अठ्ठावीस आणि बारा. यशवंतराव, माणूस चाळीस वर्षे सरळ वागतो आणि एका बेरजेपायी वाया जातो!

त्यांच्या आयांना मी सांगितले की साहेब येणार, पोरींनी फक्त तासभर बाकावर बसायचे. आयांनी अटी घातल्या. मंगळसूत्र निघणार नाही, जोडवी निघणार नाहीत, आणि पोरींना कोणी बोलायला लावायचे नाही. कबूल केले आणि बाराही नावे हजेरीत चढवली. मंगळसूत्र दिसू नये म्हणून पदर गळ्याभोवती लपेटून घ्यायचा ठरला. जोडवी दिसू नयेत म्हणून रामाजीने बाकांच्या पुढून तरट बांधले. आमच्या मंडळींनी, म्हणजे कलाबाईंनी, हे सगळे पाहून कपाळावर हात मारला. “पोरींनी लगीन केलं का चोरी केली? मंगळसूत्र कायले झाकून राह्यले?” मी म्हटले, शिक्षणासाठी. (तोंडातून गेला शब्द.) दोन दिवस तालीम घेतली. जयश्री तालमीत झोपली. छायाने बाकाखाली कुंची शिवायला घेतली. कोणासाठी, ते मी विचारले नाही. वह्या नव्हत्या म्हणून पहिलीच्या पाट्या आणून वाटल्या. साऱ्या तालमीत एकटी अनुराधा खाली मान घालून पाटीवर काहीतरी लिहीत होती. मला वाटले, नक्षी काढत असेल.

मंगळवारी साहेब आले. माणूस सज्जन दिसला, आणि तेच वाईट झाले. साहेबांनी एकदा डोळे वटारले असते तर मी तिथेच सगळे ओकून टाकले असते. पण ते दारात थबकले आणि मुलींकडे पाहून त्यांचा चेहरा असा खुलला की मला जागच्या जागी मरावेसे वाटले. एका वर्गात बारा मुली त्यांनी साऱ्या विभागात पाहिल्या नव्हत्या म्हणे. पांढुर्ण्याचे नाव वर कळवतो म्हणाले. माझा हात दाबला. जुलैच्या उकाड्यात बाराच्या बारा मुलींनी गळे का गुंडाळलेत, तेही त्यांनी विचारले. रामाजी मागून म्हणाला, सर्दीची साथ आहे. एवढ्यावर निभावले असते. पण साहेबांना आनंद आवरेना. आपल्याबरोबर जनपद सभेचे एक सभासद सौसरहून आले आहेत, त्यांनीही हे पाहावे, असे म्हणून त्यांनी रामाजीला बाहेर पिटाळले. मीही मोठ्या उत्साहाने ‘अवश्य, अवश्य’ म्हणालो. कोण सभासद, हे विचारायचे भान मला नव्हते.

आणि दारात आपण उभे.

पुढचे आपण पाहिलेच आहे, पण माझ्या बाजूने कसे दिसले ते सांगतो. सासरा समोर आल्यावर सून काय करील? अनुराधा ताडकन उठली, गळ्याचा पदर सोडून डोक्यावर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मैत्रिणीचा सासरा तो आपला सासरा, म्हणून बाकीच्या अकराही उठल्या आणि त्यांनीही तेच केले. कोणी चुकले नाही. एवढी एकसारखी कवायत माझ्या शाळेत आजवर झालेली नाही. गळ्याचे पदर डोक्यावर गेले आणि वळता वळता बारा मंगळसूत्रे उघडी पडली. तरट पायात अडकून खाली आले आणि जोडवी फरशीवर वाजली. छायाची कुंची साहेबांच्या बुटाजवळ जाऊन पडली. साहेबांनी ती उचलली, उलटी सुलटी करून पाहिली आणि बाकावर नीट घडी घालून ठेवली.

साहेब रागावले नाहीत. (रागावले असते तर बरे झाले असते, हे आधीच लिहिले आहे. पुन्हा लिहितो.) त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर एक उदाहरण लिहिले. एका वर्गाच्या हजेरीत चाळीस नावे आहेत. खरी नावे खोट्या नावांपेक्षा सोळाने जास्त आहेत. तर खरी किती आणि खोटी किती? मग खुर्चीवर बसून ते वाट पाहू लागले. माझ्या अठ्ठावीस पोरांनी माना खाली घातल्या. काहींना गणित येत नव्हते आणि काहींना माझी लाज वाटत होती. कोणाला काय, ते मी अजून विचारलेले नाही. मग भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या बारांमधून एक हात मागे आला आणि त्यात पाटी होती. तोंड भिंतीकडेच, पदर नाकापर्यंत, आपल्यासमोर आवाज काढायचा नाही ही मर्यादा पाळून. साहेबांनी उठून पाटी घेतली. खरी नावे क्ष मानू, इथून सुरुवात करून एकही पायरी न गाळता खाली उत्तर: खरी अठ्ठावीस, खोटी बारा.

साहेबांनी विचारले, ही कोणाची मुलगी. मी म्हटले, माझी. त्यांनी पुढचे विचारले ते हिंदीत होते आणि आपणही ते ऐकलेत. “मास्टरजी, इसकी पढ़ाई किसने रुकवाई?” मी आपल्याकडे पाहिले, जणू उत्तर आपल्या पगडीवर लिहिले आहे. तेव्हा आपण एवढेच म्हणालात, “भगवंतराव, चालू द्या तुमची शाळा,” आणि निघून गेलात. त्या पाहण्याची मला आज जास्त लाज वाटते. बारा मुली बसवल्याची त्याहून कमी.

कारण खरे असे आहे. अनुराधा दोन वर्षांपूर्वी आठवी पास झाली, मुलगे धरून पहिली. गणित मीच शिकवले होते. पुढे वर्ग नाही म्हणून घरी बसली. मग आपले स्थळ आले. इतके चांगले स्थळ पाहून माझी भीतीने गाळण उडाली की मुलगी शिकलेली म्हणून मोडते की काय. बैठकीत आपण विचारलेसुद्धा नव्हते; मीच आपणहून पुढे सरून सांगितले की पोरीला अभ्यासाची मुळीच आवड नाही, वही दिसली की जांभया देते, तिला फक्त रांधायचे वेड. ती तेव्हा दाराआड चहाचे कप घेऊन उभी होती. यशवंतराव, मी आपल्याशी खोटे बोललो. रांधण्याचेही खोटेच होते, पण ते आपल्याला एव्हाना कळले असेल.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, अकराजणी आल्या नाहीत. अनुराधा आली. घंटेच्या आधी, पाटी घेऊन, त्याच बाकावर. मी जवळ जाऊन हळूच म्हटले, बाई, काम झाले आता, घरी जा. ती वर न बघता म्हणाली, “काम तुमचं झालं, बाबा. माझं कोठं झालं?” मी हजेरी घेतली. तेव्हापासून ती रोज येते. काल मी फळ्यावर एक पायरी चुकलो, ती तिने दाखवली. मुले हसली. मीही हसलो, आणि मग ऑफिसात येऊन बराच वेळ कपाटाकडे तोंड करून बसलो.

असो. आपण मोठ्या मनाचे आहात. झाले गेले विसरावे, मुलीला श्रावणात आनंदाने घरी न्यावे, आणि विहीणबाईंना आमच्या मंडळींचा नमस्कार सांगावा. मला आणखी काही मागायचे नाही. मागायचा हक्कही नाही.

आपला अपराधी,
भगवंतराव

ता. क. आपली छत्री शाळेतच राहिली. सोमवारच्या सौसर गाडीच्या कंडक्टरजवळ देतो. साहेबांनी जाताना लाल पेन्सिलीने हजेरीतली अकरा नावे खोडली. बाराव्या नावावर पेन्सिल टेकवून थोडा वेळ थांबले आणि ते तसेच ठेवले. एकूण एकोणतीस असे लिहून मान्यतेचा विचार दिवाळीनंतर, असा शेरा दिला.

ता. क. मागायचे काही नाही असे वर लिहिले, ते खोटे आहे. या पत्रात तेवढे एकच खोटे राहिले होते. सुरेशराव आणखी दोन वर्षे नागपूरलाच आहेत. तेवढी दोन वर्षे पोरगी इथे नववी-दहावीला बसली तर? सणावाराला, बागेच्या तोडीला, आपण म्हणाल तेव्हा सौसरला पाठवीन, रांधायला शिकवून पाठवीन. प्रवेशाचा अर्ज सोबत आहे. त्यावर पालकाची सही लागते. माझ्या समजुतीप्रमाणे वैशाखापासून पालक आपण आहात. आपण नाही म्हणालात तर मी तिला आपण होऊन आणून सोडीन आणि एक शब्द बोलणार नाही. बोलेल ते ती बोलेल.

ता. क. अर्ज तिने स्वतःच शाईने भरला आहे. ‘आधीची शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘गावात पुढचा वर्ग नव्हता’ असे लिही, म्हणून मी तिला दोनदा सांगितले होते. तिने ‘वडिलांना नको होते’ असे लिहिले आहे. त्याच्या खाली मुख्याध्यापकाने ‘वरील माहिती तपासून पाहिली, बरोबर आहे’ असे लिहून सही करायची असते. ती मी केली आहे.